मालमोटारीतील इंधनपुरवठा व त्याचे दोषनिदान

टाकीत भरलेले इंधन गाळून, योग्य दाबाखाली व योग्य क्षणी एंजिनाच्या सिलिंडरात पोहोचविणाऱ्या सर्व भागांच्या समूहास इंधनपुरवठा यंत्रणा म्हणतात. डीझेल एंजिनावर चालणाऱ्या जुन्या मालमोटारीत (ट्रकमध्ये) या यंत्रणेत टाकी, टाकीचे तोंड व वायुमार्ग, शोषण नळी, पुरवठा पंप, गाळण्या, अंतःक्षेपण (इंधन दाबाने आत फवारण्याचा) पंप, उच्च दाबाच्या नळ्या, अंतःक्षेपक आणि उरलेले इंधन टाकीत परत नेणारी नळी यांचा समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत पूर्णपणे यांत्रिक अंतःक्षेपण पंप असलेल्या मालमोटारींचा विचार केला आहे. अशा वाहनांच्या इंधनपुरवठ्याबाबत दोन प्रकारच्या तक्रारी वारंवार आढळतात. टाकी नीट भरत नाही, ही पहिली. आणि एंजिनास पुरेशा दाबाने इंधन मिळत नाही, ही दुसरी. वरवर पाहता या तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु पुष्कळदा दोहोंचे मूळ एकच असते. जेथे हवा हवी तेथे ती पोहोचत नाही, किंवा जेथे ती नको तेथे ती शिरते. डीझेल एंजिनाच्या इतिहासात हवेचे स्थान कसे पालटत गेले हे पाहिल्यास या दोषांचे स्वरूप व त्यांच्या निदानाची पद्धत स्पष्ट होते.

इतिहास : जर्मन अभियंते रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी १८९२ मध्ये आपल्या एंजिनाच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला. १८९७ मध्ये ऑग्झबर्ग येथे त्यांच्या एंजिनाची अधिकृत चाचणी घेण्यात आली, तेव्हा त्याची कार्यक्षमता सु. २६ टक्के आढळली. तत्कालीन वाफेच्या एंजिनांच्या तुलनेत ही कार्यक्षमता फार मोठी होती. या एंजिनात सिलिंडरातील हवा दाबून इतकी तापविली जाई की, फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेई. तथापि दाबलेल्या हवेत इंधन शिरवायचे, तर त्याचा दाब त्या हवेहून अधिक हवा आणि त्याचे बारीक तुषार व्हावयास हवेत. त्या काळी एवढ्या काटेकोर मापाचे पंप बनविता येत नसल्याने डीझेल यांनी दाबलेल्या हवेचाच उपयोग केला. स्वतंत्र संपीडकाने (हवा दाबणाऱ्या यंत्राने) सु. ५० ते ७० किग्रॅ./सेंमी.² दाबापर्यंत नेलेली हवा इंधनाला आपल्याबरोबर सिलिंडरात ओढून नेई. म्हणजे आरंभी इंधनातील हवा हा दोष नव्हता, ती यंत्रणेचा आधार होती. मात्र संपीडक अवजड व खर्चिक असून एंजिनाच्या शक्तीचा काही भाग तोच खात असे. त्यामुळे ही एंजिने कारखाने, वीजकेंद्रे व जहाजे यांपुरती मर्यादित राहिली. रस्त्यावरील वाहनात ती बसविणे शक्य झाले नाही.

हवेवाचून केवळ पंपाच्या दाबाने इंधन फवारण्याचे प्रयत्नही त्याच सुमारास सुरू झाले होते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट यांनी १८९० मध्ये एकस्व घेतलेल्या तप्त गोलकाच्या एंजिनात इंधन पंपानेच आत जाई. पण त्यातील दाब कमी होता. १९१० मध्ये व्हिकर्स कंपनीतील जेम्स मॅकेक्नी यांनी उच्च दाबाच्या वायुरहित अंतःक्षेपणाचे एकस्व घेतले व पाणबुड्यांच्या एंजिनांत त्याचा उपयोग झाला. जर्मनीत बेंझ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पूर्वकोठीची कल्पना मांडली. मुख्य सिलिंडराशेजारच्या लहान कोठीत इंधनाचे अंशतः ज्वलन झाल्याने कमी दाबाच्या अंतःक्षेपणावरही काम भागू लागले व संपीडकाची गरज उरली नाही.

यानंतर डीझेल एंजिन रस्त्यावर आले. १९२३ मध्ये बेंझ कंपनीने पूर्वकोठीचे डीझेल एंजिन बसविलेल्या मालमोटारीच्या चाचण्या घेतल्या आणि १९२४ मध्ये एम. ए. एन. कंपनीने थेट अंतःक्षेपणाची मालमोटार तयार केली. प्रत्येक उत्पादकाला आपला पंप स्वतःच घडवावा लागे, ही या काळातील मोठी अडचण होती. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये अंतःक्षेपण पंपाच्या विकासाचे काम हाती घेतले आणि १९२७ मध्ये त्याचे कारखानदारी उत्पादन सुरू केले. या पंपात प्रत्येक सिलिंडरासाठी एक दट्ट्या असून त्याच्या अंगावर तिरकी कड कोरलेली असते. दट्ट्या स्वतःभोवती थोडा फिरविला की, फवारल्या जाणाऱ्या इंधनाचे प्रमाण बदलते. दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट अवघी काही मायक्रॉन असते. १९३४ पर्यंत असे एक लाख पंप तयार झाले होते. इतकी सूक्ष्म मापे मोठ्या संख्येने साधता आल्यामुळेच डीझेल मालमोटार जगभर पसरू शकली.

या यशाबरोबर हवेची भूमिका उलटी झाली. मालमोटारीच्या एंजिनात पूर्ण भाराच्या वेळी दट्ट्याच्या एका फेरीत साधारणतः ६० ते ८० घ. मिमी., म्हणजे थेंब-दीड थेंब इंधन जाते. द्रव इंधन २०० किग्रॅ./सेंमी.² दाबाखाली एक-दीड टक्काच आकसते. हवा मात्र तेवढ्याच दाबाखाली मूळ घनफळाच्या दोनशेव्या भागाइतकी होते. ज्वारीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा दट्ट्यासमोर आला, तर त्या फेरीतील निम्मी हालचाल केवळ तो बुडबुडा दाबण्यात खर्ची पडते. बुडबुडे अधिक असल्यास अंतःक्षेपकाची सुई उचललीच जात नाही. ज्या हवेच्या बळावर डीझेल यांचे पहिले एंजिन चालले, तीच हवा आता एंजिन बंद पाडू लागली. चालक व मिस्त्री यांच्या बोलीत यालाच ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात.

कमी दाबाची बाजू : उच्च दाबाच्या पंपाचा इतिहास विस्ताराने सांगितला जातो, पण टाकीपासून त्या पंपापर्यंतच्या मार्गाचा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे. आरंभीच्या मोटारींत टाकी उंचावर असे व इंधन गुरुत्वाने खाली येई. फोर्ड कंपनीच्या ‘टी’ नमुन्याच्या मोटारीत (१९०८–२७) टाकी आसनाखाली होती. तीव्र चढावर, विशेषतः इंधन थोडे असताना, एंजिनाची पातळी टाकीहून उंच होई व पुरवठा थांबे; त्यामुळे चालक गाडी उलटी फिरवून मागच्या बाजूने चढ चढत. पुढे एंजिनाच्या शोषणाने इंधन वर ओढणारी निर्वात टाकी आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा यांत्रिक पंप प्रचारात आला. डीझेल वाहनांत अंतःक्षेपण पंपाच्याच अक्षदंडावर चालणारा लहान पुरवठा पंप बसवितात. त्याच्यासोबत हाताने चालविण्याचा पंप व बहुधा प्राथमिक गाळणीही असते. हा पंप इंधन टाकीतून ओढतो, गाळण्यांतून ढकलतो आणि साधारणतः १ ते १.५ किग्रॅ./सेंमी.² दाबाने मुख्य पंपाच्या दालनात पोहोचवितो. जादा इंधन एका झडपेतून टाकीत परतते व जाताना थोडीफार हवाही बरोबर नेते.

इंधन भरण्याच्या साधनांतही असाच पालट झाला. अमेरिकेतील फोर्ट वेन येथे सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ मध्ये रॉकेल मोजून देणारा पंप तयार केला. पुढे त्याच तत्त्वावर मोटारींसाठी इंधनपंप निघाले. तोपर्यंत डबे व नरसाळे हीच साधने होती. नंतर आपोआप बंद होणारी तोटी आली. तिच्या टोकाशी एक लहान छिद्र असते. तोटीतून इंधन वाहताना या छिद्रातून हवा ओढली जाते. टाकीतील इंधनाने वा फेसाने ते छिद्र झाकले की, तोटीच्या आत निर्वात वाढून पडदा सरकतो व खटका पडतो. म्हणजे ही तोटी टाकी भरली की नाही हे ओळखत नाही. आपल्या टोकाशी हवा आहे की नाही, एवढेच ती ओळखते.

भारतातील प्रसार : भारतात टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेटपूर येथे डीझेल मालमोटारींचे उत्पादन सुरू केले, हा करार १९६९ मध्ये संपला. कंपनीचा पुण्याचा कारखाना १९६६ मध्ये स्थापन झाला. अशोक लेलँड कंपनी १९५५ पासून या क्षेत्रात आहे. अंतःक्षेपण पंप व त्याचे सुटे भाग देशात बनविण्यासाठी १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी (मायको) स्थापन झाली. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड असे झाले. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सच्या शेतीपंपांवरील एंजिनांमुळे इंधन नळीतील हवा काढण्याची क्रिया महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्याही परिचयाची झाली. या प्रसारातून दोन प्रकारचे कारागीर तयार झाले. एक, चाचणी-मेजावर पंप चढवून त्याचे मापन व जुळणी करणारे पंप मिस्त्री. दुसरे, रस्त्याच्या कडेला पाने व हातपंप यांच्या साहाय्याने गाडी चालू करून देणारे मिस्त्री. पहिल्यांकडे मोजमापाची साधने होती; पण त्यांच्यापुढे येई तो गाडीवरून उतरवलेला पंप. दुसऱ्यांपुढे संपूर्ण गाडी असे. पण दाबमापक क्वचितच असे. त्यामुळे मूळ दोष टाकीत वा नळीत असतानाही निर्दोष पंप उतरविला जाणे, त्याची दुरुस्ती होणे व गाडी पुन्हा त्याच जागी बंद पडणे असे प्रकार घडत. पंप हा यंत्रणेतील सर्वांत महाग भाग असल्याने या चुकीचा भुर्दंड एकच गाडी असलेल्या मालकाला फार जड जाई.

टाकी व वायुमार्ग : टाकी भरताना जेवढे इंधन आत जाते तेवढीच हवा बाहेर पडावी लागते आणि गाडी चालताना जेवढे इंधन खर्च होते तेवढीच हवा आत यावी लागते. यासाठी टोपणात बारीक छिद्र किंवा टाकीच्या माथ्यावर वायुनळी असते. धूळ, रंगाचा थर, गंज वा दबलेली रबरी नळी यांमुळे हा मार्ग बंद होतो. छिद्र टोपणात असेल, तर भरताना टोपण काढलेलेच असते व दोष लक्षात येत नाही. वेगळी वायुनळी असेल, तर ती बंद झाल्यावर हवा भरणीच्या तोंडातूनच बाहेर येऊ पाहते, डीझेल फेसाळते आणि तोटीचा खटका पुनःपुन्हा पडतो. तोटी किंवा पंपचालक सदोष आहे अशी समजूत अशा वेळी होते.

टाकी भरल्यानंतर हाच दोष दाबाच्या तक्रारीचे रूप घेतो. समजा, १६० लिटरांची टाकी गच्च भरली असून वर ५ लिटर हवा उरली आहे आणि वायुमार्ग पूर्ण बंद आहे. गाडी एका लिटरात ४ किमी. जात असेल, तर २० किमी. अंतरात ५ लिटर इंधन खर्च होईल व आतील हवेचे घनफळ दुप्पट होईल. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हवेचा दाब निम्म्यावर, म्हणजे सु. ०.५ किग्रॅ./सेंमी.² वर येईल. एवढ्या कमी दाबात इंधनात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि पुरवठा पंपास इंधन ओढणे कठीण जाते. तीच टाकी अर्धी भरलेली असती, तर वर ८० लिटर हवा असती आणि तेवढ्याच अंतरात दाब केवळ सु. ६ टक्क्यांनी घटला असता. म्हणून वायुमार्गाचा दोष टाकी भरल्यावर लवकर व टाकी रिकामी असताना उशिरा प्रकट होतो. चालकाला मात्र ‘कालपर्यंत गाडी ठीक होती, डीझेल भरले आणि बंद पडली’ एवढेच दिसते व त्याचा संशय इंधनावर जातो. गाडी थोडा वेळ उभी राहिली की, फटींतून हवा शिरते व एंजिन पुन्हा चालू होते; त्यामुळे कोडे अधिकच वाढते. याची परीक्षा सोपी आहे. एंजिन मंदावताच टोपण सैल करावे; आत हवा शिरल्याचा फुस्स असा आवाज येऊन एंजिन सावरले, तर दोष वायुमार्गाचा होय. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास पातळ पत्र्याची टाकी आत चेपल्याचेही आढळते.

शोषणाची बाजू : टाकी ते पुरवठा पंप या भागात दाब वातावरणाहून कमी असतो. येथील चीर किंवा सैल जोड यांतून गाडी चालू असताना इंधन बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. गळती डोळ्यांना दिसत नसल्याने या भागाकडे दुर्लक्ष होते. जुनी रबरी नळी, पुनःपुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर, प्राथमिक गाळणीच्या वाटीची बैठक आणि टाकीतील शोषण नळीला पडलेले गंजाचे छिद्र ही हवा शिरण्याची नेहमीची ठिकाणे होत. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होऊन लगेच बंद पडणे, हे त्याचे ठळक लक्षण आहे. निदानासाठी स्वच्छ डीझेलचा वेगळा डबा घेऊन नव्या नळीने तो थेट पुरवठा पंपास जोडतात आणि हातपंपाने हवा काढून गाडी चालवून पाहतात. गाडी सुरळीत चालल्यास दोष टाकी, वायुमार्ग वा मूळ नळी यांतच आहे, असा निष्कर्ष निघतो व पंप उतरविण्याचे कारण उरत नाही.

दाबाचे मापन : मुख्य गाळणीच्या आधी व नंतर दाबमापक जोडून दाब पाहिल्यास पुढील भागाचा उलगडा होतो. दोन्ही ठिकाणी दाब कमी असेल, तर शोषण मार्ग, पुरवठा पंप किंवा जादा इंधन सोडणाऱ्या झडपेची मऊ पडलेली स्प्रिंग यांपैकी एक सदोष असते. गाळणीपूर्वी दाब पुरेसा व नंतर कमी असेल, तर गाळणी तुंबलेली असते. हे मापन भाराखाली करणे आवश्यक आहे, कारण गाडी उभी असताना इंधनाची मागणी अल्प असते व अर्धवट तुंबलेली गाळणीही ती पुरवू शकते. घाट चढताना मात्र मागणी कमाल होते व पुरवठा अपुरा पडतो. ‘सपाटीवर ठीक, घाटात दम तोडते’ ही तक्रार म्हणूनच कमी दाबाच्या बाजूकडे निर्देश करते. इंधन कमी पडून शक्ती घटते तेव्हा काळा धूर सहसा येत नाही. काळा धूर असेल, तर हवेची गाळणी तुंबणे, अंतःक्षेपकाची फवारणी बिघडणे किंवा इंधन अधिक जाणे ही कारणे आधी तपासावी लागतात.

उच्च दाबाची बाजू : कमी दाबाची बाजू निर्दोष ठरल्यानंतरच येथे यावे. अंतःक्षेपक हातपंपाच्या चाचणी साधनावर बसवून त्याचा उघडण्याचा दाब, फवाऱ्याचा आकार व ठिबकणे पाहतात. पूर्वकोठीच्या एंजिनांत हा दाब साधारणतः १०० ते १३० आणि थेट अंतःक्षेपणाच्या एंजिनांत १७५ ते २५० किग्रॅ./सेंमी.² असतो, नेमका आकडा उत्पादकाने दिलेला घ्यावा. कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्यासाठी जुन्या एंजिनात एकेका उच्च दाबाच्या नळीची चाकी सैल करून पाहण्याची पद्धत रूढ होती; ज्या नळीने एंजिनाच्या चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर सदोष होय. या फवाऱ्यासमोर हात कधीही येऊ देऊ नये. इंधन त्वचा भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसली, तरी तीवर तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट वा हात गमावण्याचा धोका असतो.

इंधनाची शुद्धता : गाळणीतील पाणी हे दोषांचे आणखी एक कारण आहे. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्पाचे द्रवीभवन होऊन पाणी साचते, म्हणून दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवण्याचा प्रघात पडला. रॉकेलची भेसळ हे अधिक गंभीर कारण होय. रॉकेल डीझेलहून पातळ व कमी वंगणक्षम असते. त्यामुळे दट्ट्याभोवतीच्या फटीतून गळती वाढते व त्याची झीज होते. ही भेसळ केवळ यंत्राच्या झिजेपुरती राहिली नाही. इंधन भेसळीच्या प्रकाराला अटकाव करू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले. एवढे गंभीर प्रकार घडत असल्यानेच भेसळीचा आरोप पुराव्यावाचून होऊ नये. गाळणीच्या वाटीतील नमुना, घनता आणि वायुमार्गाची परीक्षा यांनंतरच इंधनाला दोष देणे उचित ठरते.

अन्य पद्धती व सद्यःस्थिती : अमेरिकेतील कमिन्स कंपनीने १९५४ मध्ये ‘दाब-काल’ पद्धत प्रचारात आणली. तीत सामाईक नळीतील इंधनाचा दाब व छिद्र उघडे राहण्याचा काळ यांवर इंधनाचे प्रमाण ठरते. म्हणून त्या नळीतील दाब मोजणे हेच निदानाचे मुख्य साधन असते. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर-कमिन्स कंपनीमुळे ही पद्धत महाराष्ट्रात परिचित झाली. १९९५ मध्ये जपानी मालमोटारींत व १९९७ मध्ये यूरोपीय मोटारगाड्यांत इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाची समाईक दाबनळी आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे उत्सर्जन मानक लागू झाल्यावर नव्या डीझेल मालमोटारींत हीच पद्धत सर्वसामान्य झाली आहे. तिच्यातील दाब हजार किग्रॅ./सेंमी.² च्या कितीतरी वर असल्याने एंजिन चालू असताना नळी सैल करण्याची जुनी परीक्षा येथे प्राणघातक ठरू शकते. संवेदकांच्या नोंदींवरूनच दोष शोधावा लागतो. तथापि टाकीचा वायुमार्ग, शोषण नळी व गाळणी हे भाग नव्या गाडीतही आहेत आणि तेथे पूर्वीचेच भौतिक नियम लागू पडतात. त्यामुळे टाकीच्या टोपणापासून आरंभ करून इंधनाच्या वाटेने क्रमाक्रमाने पुढे जाणे व पंप शेवटी उघडणे, हा जुन्या मालमोटारींच्या अनुभवातून सिद्ध झालेला क्रम आजही सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत भरवशाचा आहे.